सव्वासहा पौंड

त्र्यंबकमामाची उजव्या खांद्याजवळची हाडकी
लहानपणी गाडीवरून पडून मोडली,
हाडवैद्यानं बसवली ती जरा तिरपीच.
म्हणून त्यानं हलकी रायफल घेतली.
बाकीची कारणं त्याला नंतर सुचली.

किनवटच्या दवाखान्यात तो कंपाउंडर.
रायफल आणली त्या दिवशी
तान्ह्या पोरांच्या काट्यावर ठेवून बघितली:
सव्वासहा पौंड.
"बाळसेदार आहे," म्हणाला
आणि रजिस्टरात चुकून नोंदही केली.

हाशमशेठ लाकूडवाले पोट धरून हसले.
त्यांची रायफल वाहायला वेगळा गडी,
काडतूस अंगठ्याएवढं जाड.
"कंपाउंडर, ह्या पिचकारीनं सांबर मरतंय व्हय?
का टोचून सोडायलाव?"

मामा चिडला नाही.
मला पाटीवर सांबर काढून दाखवलं, आडवं.
"पुढच्या पायाची रेघ वर ने.
उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर थांब.
पंजाएवढी जागा.
तेवढीच आपली.
बाकी सगळं सांबर सरकारचं."

चौसष्टचा माघ. परवान्याचा कागद मामाच्या टोपीत.
लिंगू कुडमेथे पुढे, मी पाण्याचा चंबू घेऊन शेवटी,
पायाखाली सागाची पानं
भाजल्या पापडासारखी,
एकेक पाऊल आधी विचारून टाकायचं.
पैनगंगेकडून वारा तोंडावर येत होता,
म्हणजे वास आमचा मागे, गावाकडे.

नाल्यापलीकडे ते उभंच होतं.
तोंड आमच्याकडे,
शिंगं कुठं संपली आणि पळस कुठं सुरू झाला कळेना.
साठ पावलं.
"हान की, डाक्टर," लिंगू ओठातल्या ओठात.
मामानं गाल दस्त्याला लावला.
काढला.
पुन्हा लावला.
सांबरानं पुढचा खूर आपटला, ढांककन ओरडलं,
आणि नाला रिकामा झाला.

"आडवं नव्हतं."
एवढंच बोलला.
लिंगूनं दिवसभर त्याची तंबाखू घेतली नाही.

दिवेलागणीला डोंगरापल्याड मोठा बार झाला,
चुलीवरची भांडी वाजली.
पहाटे शेठचा गडी दारात:
लागलंय, पण गेलंय.

मागच्या मांडीत लागलं होतं.
आधी पानापानावर रक्त, मग दहा पावलांवर एक थेंब,
मग हाडाची एक कपची,
लिंगूनं ती उचलून कनवटीला बांधली, का ते विचारलं नाही.
दुपारी एका डबक्यात ते बसलेलं सापडलं,
पाण्यात, थंडाव्याला.
मान वळवून बघत होतं. अंग आडवं.

मामा खाली बसला, कोपर गुडघ्यावर.
आवाज वाळकी फळी मोडावी तेवढाच.
समोरच्या झाडावरचं पाखरूसुद्धा
उडून लगेच परत आलं.

शेठनी वाटा पाठवला, तो आम्ही लिंगूकडे दिला.
आठवड्यानं शेठ स्वतः आले,
रायफल मागून घेतली,
या हातातून त्या हातात केली, परत दिली.
चहा घेतला. सागाच्या भावाचं बोलले.

आता लायसन माझ्या नावावर.
शिकार कधीच बंद झाली.
रोही हरभरा खातात, मी बांधावर डबा वाजवते.
दस्त्यावरचं पॉलिश दोन ठिकाणी उडालंय:
एक मामाच्या गालाची जागा,
एक दोन बोटं खाली, माझी,
टिनाच्या डब्यांवर सराव केला त्या दोन उन्हाळ्यांतली.

निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची.
या वेळी नवीन पोरगी होती, शिपाई.
उचलली आणि दचकली.
"मावशी, लईच हलकी हाय की वो. चालती का?"
"चालती," म्हणाले. "आडवं असलं तर."
तिला कळलं नाही. तिनं नंबर लिहिला,
दस्त्यावरचा ओरखडा लिहिला,
खाली माझी सही घेतली.

पावतीवर वजनाचा रकाना नसतो.